पाहुणा

“म्हणजे या पतंगांची नावं तुम्हाला येत नाहीत?”

श्रीरंग मास्तरांनी बुवांच्या जुन्या वहीवर बोट ठेवलं. कित्येक नोंदींपुढे नावाऐवजी एकच शब्द होता. पाहुणा.

“नाही येत,” भैरूबुवा म्हणाले.

घाटावरच्या मठाची बाग बुवांकडे. चाळीस वर्षं ते बागेत दिव्याची पेटी ठेवत आले. दिव्याला भुलून पतंग आत उतरत. सकाळी ते बघायचे, लिहायचे, झुडपांवर सोडून द्यायचे.

मास्तर कॉलेजात कीटक शिकवत. बुवांच्या मागे ती वही आपल्याकडे यावी, एवढंच त्यांना हवं होतं. बुवा म्हणाले होते, नवरात्रात नोंदी तू कर. मग बघू.

आज खंडेनवमी. हत्यारांची पूजा. कुदळीला हार, पेटीलाही हार.

“माझ्या यादीत एकशे बेचाळीस आहेत, बुवा. सगळे नावानिशी. पाहुणा एकही नाही.”

“अरेरे. नऊ दिवसांत तुझ्याकडे कुणी आलंच नाही?”

मास्तरांना राग आला. ते पेटी साफ करू लागले. आश्विनात वाळकी पानं रोजच आत पडत. त्यांनी पेटी उलटी करून झटकली.

बुवांनी एक पान उचललं. तळहातावर ठेवलं.

“हा कोण?”

“पान आहे, बुवा. देठसुद्धा दिसतोय.”

बुवांनी हलकेच फुंकर घातली.

पान थरथरलं... उघडलं. आतून झेंडूसारखे केशरी पंख निघाले. ते उडालं, पेटीच्या हारावर बसलं, मिटलं. पुन्हा वाळकं पान.

मास्तर बघतच राहिले. मग त्यांना हसू फुटलं. इतकं की डोळ्यांत पाणी आलं. बुवाही हसले. त्यांना हसताना मठात फार थोड्यांनी पाहिलंय.

“नऊ दिवसांत किती पानं झटकलीस?”

“...मोजली नाहीत, बुवा.”

“बरं, याचं नाव सांग.”

मास्तरांच्या ओठांवर चार नावं आली. चारही त्यांनी गिळली.

“येत नाही.”

त्यांनी यादीत खाली लिहिलं. पाहुणा.

बुवांनी जुनी वही त्यांच्या मांडीवर ठेवली.

“खरंच मला?”

“उद्या दिवा तू लाव, मास्तर. पेटी मी झाडीन.”