डावीकडचा पांढरा पट्टा

त्या राज्यात नदीकाठचे पूरदिवे कोरड्यात विझलेले असत आणि पाणी चढलं की पेटत. काठावरची सगळी बिळं त्या एकाच भरवशावर झोपत. म्हणूनच सोमवारी सकाळी कारखान्याच्या ठणठणीत कोरड्या टेबलावर नवा दिवा लख्ख पेटला, तेव्हा मंजुळा दचकली.

मंजुळा ही चिचुंद्री. आवाज इतका बारीक, की नाव ठेवणाऱ्याची विनोदबुद्धी वाखाणावी. दिव्यांच्या तपासणीचा तक्ता भरणं हे तिचं काम. तशी ती झाकण पडलं तरी दचकायची, त्यामुळे तिच्या दचकण्याला कारखान्यात किंमत उरली नव्हती. पण तिची बहीण शेवंता पाच पिल्लांना घेऊन काठावरच्या अगदी खालच्या बिळात राहत होती, आणि बुधवारी नवे दिवे तिथेच बसवायचे होते.

तक्त्यात ‘पेटला’ हा एकच रकाना होता. आजवर एकही दिवा टेबलावर पेटला नव्हता आणि प्रत्येकापुढे ‘पेटला’ अशी खूण होती. बारा वर्षांत ती खूण आज पहिल्यांदा खरी ठरत होती.

मंजुळाने जुना दिवा काढून नव्याशेजारी ठेवला. दोघांच्याही पोटात एक छोटी झडप, झडपेच्या एका टोकाला पांढरा पट्टा. जुन्यात पट्टा उजवीकडे होता, नव्यात डावीकडे. दिवा कसा जोडायचा ते दाखवणाऱ्या भिंतीवरच्या नकाशात तो डावीकडेच काढलेला होता.

नकाशे डोंगरमाथ्यावरचे बगळे काढत. ते तिथून खाली नदीकडे तोंड करून बसत. कारागीर खालून डोंगराकडे तोंड करून बसत. आपली डावी बाजू हीच जगाची डावी बाजू, असं बगळ्यांनी धरलं होतं, आणि चिखलात पाय घालून विचारायला त्यांच्यातलं कुणी खाली आलं नव्हतं. गोदाआत्या नावाची खेकडीण बारा वर्षं प्रत्येक झडप मुकाट्याने उलटी बसवत आली होती. “कागद सुधारायला गेलं की कागदच वाढतात, पोरी,” एवढं म्हणून ती पुढची झडप उचलायची. या आठवड्यात ती जुनं कवच टाकायला दगडाखाली गेली होती. बारा वर्षांतली पहिली रजा. तिच्या जागी चाळीस मुंग्या आल्या होत्या, आणि त्या नकाशाबाहेर मिशीसुद्धा हलवत नसत.

मंजुळा मुकादम सरडेरावांकडे गेली.

“अहो मंजुळाबाई, दिवा पेटतोय आणि तुम्हाला रडू येतंय!”

“साहेब, तो कोरड्यात पेटतोय. म्हणजे पाण्यात विझणार.”

“नकाशाप्रमाणे आहे ना?”

“नकाशाच चुकलाय.”

सरडेराव भिंतीच्या रंगाचे झाले. मग त्यांनी दुरुस्तीचा अर्ज पुढे केला. तळाशी अट होती: दोषामुळे आलेल्या पुराचा दाखला जोडावा.

“पूर अजून आलेला नाही, साहेब.”

“मग दोष कसला?”

तिने एक झडप स्वतःच उलटवायला घेतली, तर मुंग्यांनी एकच गिल्ला केला. दिव्यांवर मोहर बसली होती. मोहर बसलेल्या वस्तूत चूक शोधणं हा मोहरेचा अपमान होता. राहता राहिली बोलनळी. कारखान्यापासून डोंगरमाथ्यापर्यंत गेलेल्या त्या पोकळ बांबूत मंजुळाने सोमवारी हाक मारली, मंगळवारी मारली. पलीकडून फक्त वारा येत होता, तोही सवडीने.

बुधवारी काठावर सगळे नवे दिवे बसवले गेले आणि बसवताक्षणी पेटले. बिळं रिकामी झाली. जो तो पिल्लं घेऊन बांधावर चढला आणि कडक उन्हात पुराची वाट बघत बसला. शुक्रवारी शेवंता तणतणत कारखान्याच्या दाराशी आली.

“काय गं मंजे, तीन दिवस पोरांना वाळत घातलंय मी तुझ्या दिव्यापायी! नदीत टाच बुडेल एवढं पाणी नाही.”

“तायडे, ऐक. हे दिवे उलटे आहेत. विझले की समज, पाणी आलं.”

“विझले की पाणी? उद्या म्हणशील, पोट भरलं की भूक लागते! आईने काय शिकवलं? पेटला की पळायचं, विझला की घरी.”

“माझ्यासाठी तरी खाली उतरू नकोस.”

“तू लहानपणी स्वतःच्या शिंकेला घाबरून माळ्यावर चढायचीस, मंजे,” शेवंता म्हणाली, आणि हसत हसत बांधाकडे गेली.

शनिवारी तिन्हीसांजेला नदीच्या वरच्या अंगाला आभाळ काळं झालं. मंजुळा खिडकीशी, तोंड बोलनळीला लावून उभी होती. वरच्या वळणावरचा पहिला दिवा विझला. मग दुसरा. मग तिसरा. बांधावर आनंदाचा गलका उठला. गाठोडी बांधली गेली, म्हाताऱ्यांना पाठीवर घेतलं गेलं, आणि सगळा काठ रांगेने खाली उतरू लागला. शेवंता पुढे होती. तिची शेपटी पहिल्या पिल्लाने तोंडात धरलेली, त्याची दुसऱ्याने, अशी पाचांची माळ उतारावरून काळोखात चालली होती.

“तायडे!” मंजुळा खिडकीतून किंचाळली. तो आवाज अंगणापर्यंतही गेला नाही. तिने बोलनळीत तोंड घालून उरलासुरला जीव फुंकला, “पाणी! पाणी आलंय! कुणीतरी ऐका!” आणि नळी टाकून ती दाराकडे धावली.

सहा दिवसांत पहिल्यांदाच नळी खाकरली.

“नकाशा विभाग,” वरून एका बगळ्याचा झोपाळू आवाज आला. “कसलं पाणी, बाई? इथून अख्खा काठ दिसतो. एकूण एक दिवा विझलेला आहे.”