कासारणीचं घर आणि दलालाची दलाली

नदीकाठच्या एका बाजारगावात एक कासारीण राहत होती. नवरा वारल्यापासून डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन ती दारोदार फिरायची. आता गुडघे बोलू लागले होते. तिची लेक डोंगरापलीकडच्या गावी नांदत होती. तिथं मंडईसमोर एक घर विकाऊ निघालं. पुढं रुंद ओटा, ओट्यावर बसून दुकान चालेल असं. घरमालक म्हणाला, "पाडव्यापर्यंत थांबतो. पुढं नाही."

कासारणीनं हिशेब मांडला. राहतं घर विकलं तर ते घर येत होतं. पण गावात रीत अशी, की घर विकायचं म्हणजे दलालाकडं जायचं आणि किमतीचा दहावा हिस्सा त्याच्या हातावर ठेवायचा. तेवढं दिलं, की ओट्याचं घर हातचं गेलं आणि पेटी पुन्हा डोक्यावर आली.

"दहावा हिस्सा!" ती दलालाला म्हणाली. "भाऊ, घर माझं, भिंती माझ्या. तुम्ही एवढं करता तरी काय?"

"विकून बघा की बाई," दलाल हसून म्हणाला. "मी काय करतो ते आपोआप कळेल."

कासारणीनं मनावर घेतलं. बांगड्या भरताना ती दिवसाला वीस घरच्या बायकांशी बोलायची. आठवड्यात सगळ्या गावाला कळलं, की घर विकायचंय. गिऱ्हाईक आणणं इतकं सोपं? मग दलालाचं कौतुक कशाचं, असं तिला वाटलं.

पहिला आला एक तेली. आत शिरला आणि म्हणाला, "स्वयंपाकघर अंधारं आहे हो."

"अंधारं?" कासारीण उसळली. "माझ्या लेकीच्या लग्नाचं जेवण याच चुलीवर शिजलं. कुणाच्या पानात खडा आला नाही!"

तेली वहाणा घालून निघून गेला.

दुसरे आले एक पंतोजी. त्यांना पायरीपासून माळ्यापर्यंत तिनं सोडलं नाही. इथं लेक पहिल्यांदा चालली, इथं सासूबाईंची खाट असायची. पंतोजी बिचारे मान डोलावत राहिले, आणि जाताना म्हणाले, "घर छान आहे. पण ते तुमचंच वाटतं हो, आमचं नाही वाटत."

असं आणखी चार जणांचं झालं. दसरा गेला. दुसरी एखादी रडत बसली असती. कासारणीला मात्र वेगळंच कुतूहल लागलं. मी बोलते तेच दलाल बोलत असेल, मग त्याची घरं विकतात कशी? एकदा डोळ्यांनी बघायलाच हवं.

पलीकडच्या आळीत दलाल एका सोनाराचं घर दाखवणार होता. कासारीण समोरच्या पारावर पेटी उघडून बसली. दलाल आला, त्यानं कुलूप काढलं, गिऱ्हाइकाला आत सोडलं आणि स्वतः बाहेर पायरीवर बसून सुपारी कातरू लागला. बराच वेळ गेला. गिऱ्हाईक बाहेर येऊन म्हणालं, "जिना फार उभा आहे."

"आहे खरा," दलाल म्हणाला आणि आणखी एक खांड कातरलं. गिऱ्हाईक पुन्हा आत गेलं.

कासारणीला राहवलं नाही. "अहो भाऊ, तुम्ही तर काहीच करत नाही!"

दलाल खुशीत होता. खुशीतला माणूस आपला धंदा सांगून जातो. "बाई, तेच तर अवघड. या घरात माझं बारसं झालं नाही, म्हणून मला जमतं. कुणी जिन्याला नावं ठेवली तर माझं काय जातं?"

कासारीण मान हलवत घरी आली.

पुढच्या खेपेला एक शिंपी आणि त्याची बायको आली. कासारणीनं दार उघडलं, चुलीजवळ चहा-साखर आणि काड्यापेटी ठेवली. "तुम्हीच चहा टाका गं. मी बाहेर बसते. आणि हो, पावसाळ्यात मागची भिंत ओल धरते, ती नीट बघा."

बाहेर बसणं सोपं नव्हतं. आतून आवाज आला, "अहो, ही फळी किती वेडीवाकडी ठोकलीय!" ती फळी तिच्या नवऱ्यानं ठोकलेली. कासारणीनं ओठ घट्ट मिटले आणि पेटीतल्या बांगड्या उगाच पुसत बसली. थोड्या वेळानं आतलं बोलणं बदललं. "यंत्र इथं ठेवू. इथं उजेड बरा पडतो." शिंपीण चार कप घेऊन बाहेर आली, चौथा शेजारच्या खिडकीतून डोकावणाऱ्या म्हातारीला. आता घर शिंपिणीचं झालं होतं, हे कासारणीनं ओळखलं.

भावही ठरला. पण शिंपी सावध माणूस. "मावशी, मागच्या दारची वाट शेजारच्या कल्हईवाल्याच्या अंगणातून जाते. उद्या त्यानं अडवली तर? त्याच्याकडून लिहून आणा, मग इसार देतो."

इथं कासारीण अडली. कल्हईवाल्याशी तिचं बोलणं बंद होतं. शेवग्याच्या शेंगांवरून भांडण झालं होतं, आणि दोघांनाही आधी बोलायचं नव्हतं. पाडवा तर दारात आलेला.

ती सरळ दलालाकडं गेली.

"आलात ना?" दलाल म्हणाला. "दहावा हिस्सा."

"गिऱ्हाईक मी आणलं, घर मी दाखवलं, भाव मी केला. तुम्ही फक्त त्या कल्हईवाल्याची सही आणायची."

"अर्धवट काम मी घेत नाही, बाई."

"असं कसं? बायका माहेरच्या बांगड्या घेऊन माझ्याकडं येतात. मी बांगड्यांचे पैसे मागते का? फक्त भरणावळ घेते. बांगडी फुटू न देता भरणं हीच माझी कला, तिचेच पैसे."

दलाल विचारात पडला. "पण तो कल्हईवाला म्हणजे महाकठीण माणूस."

"म्हणून तर तुमच्याकडं आले. सोपं असतं तर मीच केलं असतं."

दलालाला हसू आवरेना. "बरं, दलालीची चौथाई द्या."

"देते. सही हातात पडल्यावर."

दलाल कल्हईवाल्याकडं गेला, दोन संध्याकाळी त्याच्या भट्टीशी बसला, शेवग्याची सगळी कहाणी मुकाट्यानं ऐकून घेतली आणि तिसऱ्या दिवशी सही घेऊन आला. कासारणीनं ठरलेली चौथाई तिथल्या तिथं मोजून दिली, एक पैसाही कमी केला नाही.

घराचा व्यवहार पुरा झाला आणि पाडव्याला मंडईसमोरच्या ओट्यावर बांगड्या मांडल्या गेल्या. लेक म्हणाली, "आई, एवढं सगळं तू केलंस, तर दलालाला तेवढं तरी का दिलंस? कल्हईवाल्याला तूच हाक मारायचीस."

कासारीण हिरव्या चुड्याची दोरी सोडत म्हणाली, "नाही दिलं असतं ना, तर मी अजून तिथंच असते. कल्हईवाल्याच्या दाराकडं पाठ करून बसलेली."

तात्पर्य: जे काम आपल्याला येतं त्याची दलाली देऊ नये, जे शिकता येतं ते शिकून घ्यावं, आणि जे आपल्याच्यानं होणार नाही, त्याचा मोबदला देताना हात आखडू नये.