शेवटच्या घोड्याच्या टापा

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, आपल्या माणसाने मागून हाक मारली आणि तुम्ही ती ऐकूनही ओ दिली नाही, असे कधी झाले आहे का?

ही खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा डोंगराच्या अलीकडच्या गावातून पलीकडच्या गावाला जायला रस्ता नव्हता. रानातून वर चढणारी एक वाट होती, जेमतेम एका घोड्यापुरती. एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला खोल उतार. थंडीच्या दिवसांत दुपार कलली की तिथे असे धुके दाटे, की स्वाराला आपल्याच घोड्याचे कान दिसत नसत.

म्हणून त्या वाटेचा एक रिवाज होता. घोडी एकामागून एक चालत. प्रत्येक वळणावर पुढचा वाटाड्या थांबे आणि विचारी, "मागे कोण?" मग प्रत्येकाने मान वळवून आपल्या मागच्याला हाक मारायची, त्याची ओ आपल्या कानांनी ऐकायची आणि मगच पुढे कळवायचे, "आहे." शेवटच्या माणसाबद्दलचे 'आहे' वाटाड्यापर्यंत पोहोचले, की सगळे पुढे निघत.

एका पौषात चार जण या वाटेने निघाले. पुढे म्हातारा वाटाड्या. त्याच्या मागे एक कासारीण, बांगड्यांचे गाठोडे पोटाशी धरून. आणि तिच्या मागे दोघे भाऊ. या दोघांच्या मधली बहीण पलीकडच्या गावी दिलेली होती. तिला सातवा महिना होता. भाऊ तिच्यासाठी माहेरची साडी आणि डिंकाचे लाडू घेऊन चालले होते, आणि कासारीण तिलाच हिरवा चुडा भरायला निघाली होती.

धाकटा भाऊ घोड्यावर नवखा होता. खोगिराचा पट्टा, म्हणजे तंग, आवळताना घोडे पोट फुगवून धरते आणि मागाहून सोडते, हे त्याला ठाऊक नव्हते. चढणीच्या आधी एक ओढा लागतो. तिथे त्याच्या तट्टूचे खोगीर हळूच एका बाजूला घसरले, आणि तो पाण्यात बसला.

थोरला पोट धरून हसला. "घोडं त्या काठाला, खोगीर पोटाखाली आणि आमचे सरदार पाण्यात! ताईला सांगतोच आज. हसून हसून तिला आजच कळा सुरू होतील."

"पुरे रे," कासारीण म्हणाली. "त्याचे कान बघ कसे लाल झालेत."

"थंडीनं झाले असतील, मावशी."

धाकटा ओल्या अंगाने उठला. "हस, सगळ्यांसमोर हस. पलीकडच्या गावापर्यंत तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही मी."

"नको बोलूस. माझी घोडी घे. ती बोलत नाही आणि पाडतही नाही."

धाकट्याला तेही टोमण्यासारखे लागले. तो घोडीवर चढला. थोरल्याने तट्टूचा तंग हातात घेऊन पाहिला. चामडे एका जागी विरले होते. त्याने तिथे दोरीची गाठ मारली, खोगीर पुन्हा कसले आणि स्वतः त्यावर बसला. खोडकर जनावर आपल्याच हाताखाली बरे, असा विचार करून तो रांगेत शेवटी राहिला.

पहिल्या वळणावर धुके आले.

"मागे कोण?" वाटाड्याने विचारले. त्याने कासारणीला हाक मारली, तिने ओ दिली. मग तिने मान वळवली. "धाकल्या!"

"ओ," धाकटा म्हणाला.

आता त्याची पाळी होती. त्याने 'दादा' म्हणून हाक मारायची होती. पण त्याला अबोला मोडायचा नव्हता. मागे टापा स्पष्ट वाजत होत्या. त्याने पुढे कळवले, "आहे."

"मला न विचारताच?" मागून थोरल्याचा आवाज आला. "बरं झालं बाबा, जिवंत ठेवलंस!"

कासारीण हसली. धाकट्याने लगाम मुठीत आवळला आणि मनाशी ठरवले, की आता तर मुळीच हाक मारायची नाही.

दुसऱ्या वळणावरही त्याने टापा ऐकूनच 'आहे' म्हटले. या वेळी मागून कुणी थट्टा केली नाही.

पुढे वाट निसरडी होती. थोड्या वेळाने कुठे तरी दगड घरंगळले. मग मागून, धाकट्यालाच जेमतेम ऐकू जाईल अशी, हाक आली.

"धाकल्या!"

धुक्यात आवाज जवळचा आहे की लांबचा, ते कळत नाही. धाकट्याला वाटले, याला पुन्हा काही तरी सुचले असेल. मी ओ दिली की हा हसणार.

"धाकल्या रे!"

त्याने घोडीला टाच मारली. हाक पुन्हा आली नाही. टापा मात्र येत राहिल्या, आणि धाकट्याला वाटले, आला वठणीवर.

तिसऱ्या वळणावर तो म्हणाला, "आहे." चौथ्या वळणावरही म्हणाला, "आहे."

खिंडीत पोहोचल्यावर सगळे खाली उतरले. धुक्यातून तट्टू आले. खोगीर त्याच्या पोटाखाली लोंबत होते आणि एक रिकीब जमिनीवरून फरफटत होती.

"अगं बाई!" कासारीण म्हणाली. "याच्यावरचा माणूस कुठे आहे?"

वाटाड्याने तुटलेला तंग हातात घेतला, मग धाकट्याकडे पाहिले. "तू 'आहे' म्हणालास."

"टापा वाजत होत्या, बाबा."

"मी टापा विचारल्या होत्या का?"

धाकटा वळून धुक्याकडे धावला, तेव्हा वाटाड्याने त्याचे मनगट धरले.

"त्याचा आवाज शेवटचा कुठे ऐकलास?"

"दुसऱ्या वळणाच्या पुढे. त्यानं हाक मारली होती. दोनदा."

"आणि तू?"

धाकट्याने घोडीचे तोंड वळवले. तिघे लगाम हातात धरून पायी मागे फिरले. धाकटा दर चार पावलांवर "दादा!" म्हणून ओरडत होता. ओढ्यापासून अडलेला तो शब्द आता थांबत नव्हता.

थोरला सापडला तेव्हा उजेड सरत आला होता. वाटेखाली उतारावर, करवंदीच्या जाळीला अडकून तो पडला होता. त्याची मांडी मोडली होती आणि खाली पुष्कळ रक्त गेले होते. दोरीला धरून वाटाड्या आणि धाकटा खाली उतरले. त्यांनी त्याला वर आणले, पण घाटाखाली नेणे आता शक्य नव्हते. दाट धुके आणि अंधार, त्यात एका घोड्यापुरती वाट.

वाटाड्याने जखम बांधली, जाळ केला. मग तो धाकट्याला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाला, "पहिल्याच हाकेला वळलो असतो, तर उजेडात खाली नेला असता. वैद्य त्याच्या उशाशी असता एव्हाना."

तो हे रागाने बोलला नाही. म्हणूनच ते ऐकणे फार कठीण होते.

कासारणीने आपली घोंगडी थोरल्यावर पांघरली. धाकट्याने त्याचे डोके मांडीवर घेतले. बऱ्याच वेळाने थोरल्याने डोळे उघडले.

"मी हाक मारली होती रे."

खोटे बोलणे सोपे होते. धुक्याचे नाव पुढे करता आले असते. पण धाकटा म्हणाला, "ऐकली होती, दादा. मला वाटलं, तू हसतोयस."

थोरला म्हणाला, "ऐकलीस ना? मग बरं. मला वाटलं, माझा आवाजच फुटत नाहीये."

त्यात टोमणा नव्हता. त्याने धाकट्याचा हात चाचपून धरला. त्यानंतर तो काही बोलला नाही.

मुलांनो, धाकटा भाऊ वाईट नव्हता. आपल्या घराघरांत असतात तसाच तो होता. त्याने शब्द मोडायचा नाही म्हणून हट्ट धरला, आणि त्या हट्टापायी हाक न मारता चार वेळा 'आहे' म्हटले. एवढीच त्याची चूक.

म्हणून लक्षात ठेवा: एखाद्या माणसाची खात्री दुसऱ्याला देण्याआधी आपण स्वतः वळून त्याला हाक मारावी, आणि त्याच्यावर राग असेल तेव्हा तर नक्कीच मारावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुके विरले, तेव्हा थोरल्याचा हात गार पडला होता. त्यांनी त्याला घोडीच्या पाठीवर बांधून पलीकडच्या गावी नेले, आणि बहिणीला सांगायला धाकटा एकटाच पुढे गेला.