वैद्यराजांची अळंबीची कॉफी

देवळीगड संस्थानचे राजे भुजंगराव भर दरबारात पेंगायचे. त्यावर राजवैद्य गंगाधरशास्त्र्यांनी उपाय आणला. रानातली अळंबी वाळवून तिची पूड त्यांनी कॉफीत मिसळली आणि ते ऐटीत म्हणाले, "महाराज, अशी कॉफी जगात पहिलीच. ही घेतली की मन इतकं एकाग्र होतं, की हातून चूक म्हणून व्हायची नाही!"

राजे खूश झाले. त्यांनी पेला कारभारी सोनोपंतांपुढे सरकवला. "आधी तुम्ही घ्या."

सोनोपंतांच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच पावसाळ्यात विषारी अळंबी खाऊन राजवाड्यातला माहूत दगावला होता. नाही म्हणावं, तर राजाज्ञा मोडल्याबद्दल कडेलोट ठरलेला. त्यांनी पेला उचलला.

"शास्त्रीबुवा," ते कसेबसे म्हणाले, "अळंबी वेचायला जाताना तुम्ही ही कॉफी घेतली होती का?"

"भलतंच! अळंबी आणल्याशिवाय ती होणार कशी?"

"म्हणजे चांगली अळंबी कोणती नि विषारी कोणती, हे निवडताना तुमचं मन एकाग्र नव्हतं!"

राजांची झोप पार उडाली. "शास्त्रीबुवा, पहिला घोट तुम्हीच घ्या."

वैद्यराजांना दरदरून घाम फुटला. "महाराज... आज माझं लंघन आहे."

सोनोपंतांनी पेला अलगद खाली ठेवून हात जोडले. "मग महाराज, वैद्यांचं जे पथ्य, तेच माझंही असू द्या."

राजांनी कॉफी ओतून द्यायला लावली.