अंग मिटून बसलेलं अवजार

अवजारं आपसांत बोलायची तेव्हाची ही गोष्ट. बाबल सुताराने खिशात मावणारं घडीचं अवजार आणलं. चाकू, कात्री, पक्कड, सगळं त्याच्या पोटात. बाबल कौतुकाने दिवसभर ते उघडायचा, मिटायचा.

खंडेनवमीला अवजारं पाटावर मांडली. "इथे प्रत्येकाला कुंकवाचं एकच बोट," म्हातारा टोच्या म्हणाला.

"तुझ्या एका टोकाला तेवढं पुरे. माझं प्रत्येक पातं पुजलं पाहिजे," नवं अवजार म्हणालं.

बाबललाही हौस. त्याने सगळी पाती उघडून कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. दुसऱ्या दिवशी सांध्यांत तांदूळ अडकून अवजार मिटेना, खिशात मावेना. शेवटी टोच्यानेच एकेक दाणा उकरून काढला.

पुढच्या खंडेनवमीला बाबल पाती उघडायला गेला, तर एकही हलेना. टोच्याला खेटून, अंग मिटून, अवजार कुंकवाच्या एका बोटाची वाट बघत बसलं होतं.