दहा मिनिटांचा विषय

वेंगुर्ल्याची शाल्मली केळुसकर तरुणांच्या वतीने अण्वस्त्रबंदीची मागणी घेऊन जिनिव्हाच्या परिषदेत गेली. बोलायला तिने दहा मिनिटं मागितली. अध्यक्षस्थानी एका अण्वस्त्रधारी देशाचे राजदूत होते. ते हसून म्हणाले, "मुली, हा विषय दहा मिनिटांत उरकण्याइतका सोपा नाही."

"खरंय, सर. पण शत्रूचं क्षेपणास्त्र निघाल्याची खबर आली, तर उलट अणुबॉम्ब टाकायचा का, हे ठरवायला तुमच्या राष्ट्राध्यक्षांना किती वेळ मिळेल?"

राजदूतांचं हसू मावळलं. "फार तर दहा मिनिटं."

"मग टाकू नका म्हणायला मलाही तेवढीच द्या की!"

राजदूतांनी स्वतःचं भाषण खिशात घातलं आणि आपला वेळ तिला दिला. शाल्मलीला इतकं भरून आलं, की पहिली दोन मिनिटं त्यांचे आभार मानण्यातच गेली.