मानकऱ्याच्या पुढे पाऊल

एकदा एका डोंगराळ राज्यात एक वृद्ध आचार्य राहत असत. ते शास्त्रे शिकवत नसत. ते धावायला शिकवत. त्या राज्यात रस्ते थोडे आणि चढ फार. त्यामुळे घोड्याच्या पायांपेक्षा माणसाचे पाय अधिक भरवशाचे मानले जात. राजाचे निरोप पोहोचवणारे जासूद पायीच धावत, आणि आचार्यांच्या हाताखालून गेलेला जासूद दमून वाटेत बसला, असे कोणी कधी ऐकले नव्हते.

आचार्यांचा एक शिष्य या सर्वांहून वेगळा निघाला. दरवर्षी कार्तिक पौर्णिमेला पाच राज्यांतील धावपटूंची शर्यत भरे. नदीच्या घाटावरून निघायचे, खिंड ओलांडायची आणि शिखरावरच्या देवीच्या मंदिराची पायरी गाठायची. त्या वर्षी हा शिष्य एवढ्या आधी पोहोचला की, परराज्यांतला पहिला धावपटू धापा टाकीत वर आला तेव्हा याने तोंड धुऊन देवीचा प्रसादही घेतला होता.

राजाचा आनंद गगनात मावेना. त्याने भर सभेत सांगितले, "या वीराला आम्ही अबदागिरीचा मान देणार."

अबदागीर म्हणजे राजचिन्ह असलेली लहान छत्री. त्या राज्यात याहून मोठा सन्मान नव्हता. ज्याला तो मिळे त्याला मानकरी म्हणत, आणि मानकऱ्याच्या पुढे वाटेत कोणी पाऊल टाकीत नसे. ही रीत इतकी जुनी होती की, ती कोणी घालून दिली हेही कोणाला सांगता आले नसते.

अमात्य उठून उभे राहिले. "महाराज, पंडितांना हा मान मिळाला तो ग्रंथ पुरा झाल्यावर. सेनापतींना मिळाला तो त्यांनी तलवार खुंटीला टांगल्यावर. हा तर अजून धावतो आहे. उद्या ठेचकाळला म्हणजे?"

राजा हसला. "अमात्य, आपल्या राजकवींना आपण मान दिला तेव्हा ते पंच्याऐंशी वर्षांचे होते. अबदागीर कोणाच्या मस्तकावर धरली आहे, हेही त्यांना उमगले नाही. 'ऊन लागत नाही, बरे वाटते,' एवढेच म्हणाले. पान वाढायचे ते भूक असताना, की दात पडल्यावर?"

सभा खळखळून हसली. राजाने आचार्यांकडे पाहिले. "आपण काय म्हणता? शिष्य आपला आहे."

आचार्य शांतपणे म्हणाले, "मान अवश्य द्यावा, महाराज. मात्र तो धावणे सोडील त्या दिवशी द्यावा."

"कारण?"

"कारण आज सांगितले तर पटणार नाही."

राजाला हे उत्तर आवडले नाही. शिष्याला तर ते काट्यासारखे बोचले. दहा वर्षे ज्यांच्या अंगणात पहाटे उठून धावलो, त्यांनाच आपले कौतुक सोसवेना, असे त्याच्या मनात आले. मार्गशीर्षात समारंभ झाला. मस्तकावर अबदागीर धरली गेली, नगारे वाजले. त्यानंतर तो आचार्यांच्या पाया पडला खरा. परंतु वाकला तो कमरेतून, मनातून नव्हे.

राजा विचारी होता. त्याने दवंडी पिटवली की, मानकऱ्याच्या पुढे न जाण्याची रीत शर्यतीच्या वाटेवर लागू नाही. तेथे ज्याने त्याने आपल्या बळावर धावावे. दवंडी सर्वांनी ऐकली. पण पिढ्यान्‌पिढ्या पायांत मुरलेली रीत दवंडीने निघत नसते.

शिष्याचा जुना प्रतिस्पर्धी होता एक मीठवाला. घाटाखालून मिठाची गोणी पाठीवर घेऊन तो रोज खिंड चढे. पूर्वी सरावाच्या वेळी तो शिष्याला हाक मारी, "काय रे सशा, आज झाडाखाली डुलकी नाही ना काढायची?" आणि शिष्य उत्तर देई, "तू आधी गोणी उतरव, कासवा, मग बोल!" शेवटच्या चढावर मीठवाल्याचा श्वास त्याला कानाशी ऐकू येई, आणि तो श्वास ऐकला की त्याच्या पायांत कोठून तरी नवे बळ येई. आता मीठवाला घाटावर भेटला की एक पाऊल मागे सरे, हात जोडी आणि म्हणे, "मानकरी, आपण पुढे व्हावे."

त्या वर्षी राज्यात तीन शर्यती झाल्या, आणि तिन्ही शिष्यानेच जिंकल्या. शेवटच्या चढावर त्याला मागून श्वास ऐकू आला नाही. आपण फार पुढे निघून आलो आहोत, असा त्याने त्याचा अर्थ घेतला. खिंडीत उभ्या असलेल्या लोकांना हात करण्याइतकी सवड त्याला मिळू लागली. ज्येष्ठातल्या शर्यतीत तर एका ओळखीच्या गृहस्थाची त्याने धावता धावता विचारपूसही केली.

त्या दिवशी आचार्यांनी त्याला एवढेच विचारले, "घाम आला का?"

"आपल्या कृपेने फारसा नाही," शिष्य अभिमानाने म्हणाला.

"हं," आचार्य म्हणाले आणि काठी टेकीत निघून गेले.

भाद्रपदात चौथी शर्यत आली. कार्तिकातल्या मोठ्या शर्यतीपूर्वीची ही अखेरची. तिची व्यवस्था राजाने नेहमीप्रमाणे आचार्यांवर सोपवली होती. सकाळी सारे घाटावर जमले, आणि आचार्यांनी काय करावे? त्यांनी इतर दहाही धावपटूंना वर वडापाशी, शंभर पावले पुढे नेऊन उभे केले आणि आपल्या शिष्याला एकट्याला खाली, पाण्याच्या कडेला ठेवले.

गर्दीत कुजबुज उठली. कोणी म्हणाले, "म्हाताऱ्याने डाव साधला." अमात्यांना राहवले नाही. "आचार्य, ज्याच्या मस्तकावर राजाची अबदागीर आहे, त्याला आपण सर्वांच्या मागे उभे करता? हा मानकऱ्याचा अपमान आहे!"

"मानकऱ्याच्या पुढे कोणी जाऊ नये, अशी रीत आहे," आचार्य म्हणाले. "यांपैकी कोणीही त्याच्या पुढे गेलेला नाही. ते पुढेच उभे आहेत. ज्याला पुढे जायचे आहे, तो एकटा हा. त्याला कोणाची आडकाठी?"

राजाच्या कपाळाला आठी पडली. पण युक्तिवादात खोट काढता येईना. त्याने मान हलवली. शिष्य दात-ओठ खात उभा राहिला. दोन वर्षांपूर्वी सरावात दीडशे पावले मागून निघून त्याने या सर्वांना खिंडीच्या अलीकडेच गाठले होते. शंभर पावले म्हणजे काय! त्याने ठरवले की आज मंदिराच्या पायरीवर बसून आचार्यांची वाट पाहायची.

शिंग वाजले. वडापर्यंत तो बाणासारखा गेला. पहिला चढ संपला तेव्हा चौघांना त्याने मागे टाकले होते. मग पुढच्या पाठी जवळ येईनात. खिंडीच्या तोंडाशी त्याच्या बरगडीत कळ आली. अशी कळ त्याला वर्षभरात आली नव्हती. लोक हाका मारीत होते. त्याला हात वर करवेना. समोर सहा जण एकामागून एक शिखराकडे चढत होते, आणि सर्वांत पुढे होता तो मीठवाला. काही केल्या अंतर तुटत नव्हते.

तो सातवा आला. पायरीवर हात टेकून तो ओकला.

मीठवाला धावत त्याच्याजवळ आला. पहिला येऊनही त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मानकरी, क्षमा असावी. आपण जवळ आला असाल असे वाटले नाही. मी मागे वळून पाहिलेच नाही, नाहीतर…"

"नाहीतर काय?"

"नाहीतर थांबलो असतो."

शिष्याने तोंड पुसले. "याआधी कधी थांबला होतास?"

मीठवाला जमिनीकडे पाहू लागला.

"खरे सांग. तुला देवीची शपथ आहे."

"चैत्रात थांबलो होतो, खिंडीपाशी. ज्येष्ठातही. आपण कोणाशी तरी बोलत होता. मी झाडाआड उभा राहिलो." तो हळूच म्हणाला, "दवंडी ऐकली होती, पण आई म्हणाली, 'अबदागिरीच्या पुढे पाऊल टाकलेस तर या घरात पाऊल टाकू नकोस.' मी एकटाच नव्हे. आम्ही सगळेच थांबत होतो."

तीन विजयांची तीन तोरणे शिष्याच्या दारावर अजून लटकत होती. त्यांतले एकही त्याचे नव्हते. त्याहून वाईट गोष्ट त्याला आता कळली: कार्तिक दोन महिन्यांवर आला होता, दुसऱ्या राज्यांचे धावपटू या अबदागिरीला ओळखत नव्हते, आणि आपण धावणे विसरलो होतो.

बऱ्याच वेळाने आचार्य आणि राजा पालख्यांतून वर आले. शिष्य उठला आणि आचार्यांना म्हणाला, "आपल्याला सारे ठाऊक होते. मग वर्षभर आपण गप्प का राहिलात?"

"सांगितले असते तर तू मला मत्सरी म्हटले असतेस," आचार्य म्हणाले. "मनातून म्हटलेच होतेस."

शिष्याची मान खाली गेली. राजाने विचारले, "आचार्य, ते कारण आता तरी सांगा. पंडिताला मान दिला, त्याचे काही बिघडले नाही. वैद्याला दिला, तोही अखेरपर्यंत औषधे देत होता. मग धावपटूचेच का बिघडावे?"

आचार्य पायरीवर बसले. "महाराज, वैद्याला आपण अबदागीर दिली, म्हणून ज्वराने त्याचा मान राखला नाही, ज्वर पूर्वीसारखाच झुंजला. पंडिताचा ग्रंथ तर मान मिळण्यापूर्वीच लिहून झाला होता. पण धावपटू ज्याच्याशी झुंजतो तो माणूस असतो. तो आपलाच प्रजाजन असतो, आणि त्याला आई असते. आपण एकाच्या मस्तकावर छत्र धरता, तेव्हा त्याच्या दहा प्रतिस्पर्ध्यांना न कळत हात जोडायला लावता. जोडलेल्या हातांनी कोणी धावत नाही. वेग ही धावपटूच्या एकट्याची मिळकत नव्हे; मागून येणारा तो त्याला रोज नव्याने देत असतो. आपण याला सर्व काही दिलेत, महाराज, आणि तेवढा मागून येणारा काढून घेतलात."

"म्हणजे मी याला काहीच द्यायला नको होते?"

"पुष्कळ द्यायला हवे होते. खिंडीतली वाट दोन पावसाळे ढासळलेली आहे, ती बांधून द्यावी. पाय मुरगळला तर वैद्य असावा, घरी सकस अन्न असावे. आणि या मीठवाल्याच्या पाठीवरची गोणी शर्यतीच्या महिन्यात तरी उतरवावी, म्हणजे याला तोलामोलाचा प्रतिस्पर्धी मिळेल. धावणाऱ्याला हे द्यावे. धावून झालेल्याला मान द्यावा."

शिष्य पुढे झाला आणि त्याने हात जोडले. "महाराज, माझी एक विनंती आहे. ही अबदागीर आपण आपल्यापाशी ठेवावी. मी धावणे सोडीन त्या दिवशी, त्या वेळीही मी पात्र वाटलो तर, ती मला द्यावी."

अमात्य उद्गारले, "दिलेला मान परत करणे हा राज्याचा अपमान आहे!"

"परत करीत नाही, अमात्य. मुदतीपूर्वी हाती आला, तो मुदतीपर्यंत ठेवायला देतो."

राजा शिष्याकडे वळला. मग म्हणाला, "आणि उद्या तू पडलास, पाय मोडला, लोक तुला विसरले तर? तेव्हा हा मान देण्याची आठवण कोणाला राहील?"

उत्तर आचार्यांनी दिले. "लोक विसरतातच, महाराज. म्हणून तर राज्य असावे लागते. टाळ्या वाजत असताना मान देणे कोणालाही जमते. टाळ्या थांबल्यावर ज्याला आठवण राहते, त्यालाच राजा म्हणतात."

राजाने वाकून आचार्यांना नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी भर सभेत अबदागीर मिटून राजाच्या देवघरात ठेवली गेली, आणि मीठवाल्याच्या आईला स्वतः राणीने बोलावून सांगितले की, आता तुमच्या लेकाला पुढे जायला हरकत नाही.

दोन महिने शिष्य पहाटे उठून आचार्यांच्या अंगणात उभा राहिला. कार्तिक पौर्णिमेला पाच राज्यांचे धावपटू घाटावर जमले. खिंडीपर्यंत तो सर्वांच्या पुढे होता. शेवटच्या चढावर त्याला मागून श्वास ऐकू आला. तो कानाशी आला, खांद्याशी आला, आणि मीठवाला त्याला ओलांडून पुढे गेला. शिष्याने ओठ आवळले आणि छाती फुटेपर्यंत त्या पाठीचा पाठलाग केला. मंदिराच्या पायरीला मीठवाल्याचा हात लागला, आणि त्यानंतर हातभर अंतराने शिष्याचा. परराज्यांतला पहिला धावपटू तेव्हा खिंडीतून नुकताच वर येत होता.

राजा आनंदाने उभा राहिला, मग भान येऊन आचार्यांकडे वळला आणि हळू आवाजात म्हणाला, "आचार्य, आपला शिष्य हरला."

"होय, महाराज," आचार्य म्हणाले. "आणि वर्षभरात आजच तो धावला."

विजेत्याचा गौरव करताना आपणही एवढे पाहावे की, आपल्या हारामुळे त्याच्या पाठलागावर असलेल्यांची पावले थबकणार नाहीत.